फियाट डिलाइट (१९६९): रंगकामानंतर वायपर बसवले, पण जागेवर थांबत नाहीत

डोंबिवलीची_डिलाइट

नमस्कार मंडळी,

गाडी १९६९ ची फियाट ११०० डी, डिलाइट. काकांची होती, आता माझ्याकडे आहे. यंदा पत्र्याचं काम आणि रंग करून घेतला. रंग झकास झालाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण रंगाऱ्याने वायपरचे आर्म, मोटर, खालच्या दांड्या असं सगळं उतरवून एका गोणीत भरलं. कुठे खूण नाही, फोटो नाही. नंतर एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ते परत चढवून दिलं. "जुनी मोटर गेली" म्हणून दुसरी टाकली आणि पैसे घेऊन मोकळा झाला.

आता अवस्था अशी: बटण बंद केलं की वायपर खाली येऊन झोपत नाहीत, बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर उभे राहतात. चालू असताना ड्रायव्हरकडचा ब्लेड काचेच्या उजव्या बीडिंगवर (कडेच्या रबरी पट्टीवर) टक् टक् आपटतो, तर डावीकडचा खालपर्यंत पोचतच नाही. मधे कुठेतरी दोघांची टोकं एकमेकांना घासतात. चालही मंद. हेडलाइट लावले की आणखी मंद. शिवाय वर जाताना ब्लेड गुपचूप जातो आणि खाली येताना थरथरत येतो.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, आर्म काढून त्याच्या बुडाचे एकदोन दाते इकडेतिकडे करा. तसं केलं की एक दुखणं जातं आणि दुसरं उपटतं. व्हिंटेज गाडी आहे, काच फुटली तर दुसरी मिळायची मारामार, म्हणून हात लावायला भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

शंकासूर

१९६९ ची फियाट व्हिंटेज कधीपासून झाली? जाणकार लोक दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात. ही फार तर क्लासिक.

अँबीवाला

शंकासूर, रॅलीतली वर्गवारी वेगळी आणि सरकारी वेगळी. केंद्राने २०२१ साली मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार फी, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा धागाकर्त्याची डिलाइट कायद्याने व्हिंटेज. आता वायपरवर या.

काळीपिवळी

वडिलांची टॅक्सी होती, पद्मिनी, म्हणजे याच फियाटची पुढची आवृत्ती. मीही काही वर्षं चालवली. मुंबईत पावसाळ्यात वायपर बंद म्हणजे धंदा बंद, त्यामुळे हे काम आम्ही मिस्त्रीकडे न नेता स्टँडवरच करायचो.

पहिली गोष्ट, आर्मना आत्ता हात लावू नका. म्हणजे काढा, पण दाते बदलण्यासाठी नको. दोन्ही आर्म उतरवून बाजूला ठेवा आणि नुसत्या स्पिंडलकडे (आर्म ज्यावर बसतो तो दातेरी दांडा) बघत मोटर चालू करा. सगळा घोळ खाली आहे, काचेवर नाही.

फियाटची रचना समजून घ्या. मोटरच्या शाफ्टवर एक छोटा क्रँक, म्हणजे टोकाला पिन असलेला आखूड हात, असतो. तो सबंध गोल फिरतो. त्याला दांडी, दांडीला स्पिंडलचा लिव्हर. क्रँक गोल फिरतो म्हणून लिव्हर मागेपुढे होतो. ब्लेड किती अंशात फिरणार हे क्रँक आणि लिव्हर ठरवतात. आर्म फक्त एवढंच ठरवतो की ती कमान काचेच्या कुठल्या भागावर पडेल.

आता थांबण्याचं. मोटरच्या गिअरमध्ये एक कॅम (स्विच दाबणारा उंचवटा) आणि एक छोटा स्विच असतो. तुम्ही बटण बंद केलं तरी त्या स्विचमधून करंट चालू राहतो आणि गिअर ठरलेल्या कोनात आला की तुटतो. मोटर नेहमी त्याच कोनात थांबते. त्या कोनात क्रँक आणि दांडी एका सरळ रेषेत असायला हवेत, कारण तेच ब्लेडच्या फेरीचं टोक असतं. इलेक्ट्रिशियनने क्रँक कसाही चढवला असेल तर मोटर बिचारी तिच्या जागी थांबते, पण ब्लेड तेव्हा अर्ध्या वाटेत असतो.

म्हणून आर्मचे दाते बदलून काही होत नाही. अर्ध्या वाटेत थांबणारा ब्लेड तुम्ही आर्म सरकवून खाली झोपवलात, तर चालू केल्यावर त्याची अर्धी फेरी बॉनेटवर जाणार.

एक चाचणी करा आणि इथे सांगा. पाच-सहा वेळा चालू-बंद करा. दरवेळी अगदी त्याच ठिकाणी थांबतात की जरा पुढे-मागे?

डोंबिवलीची_डिलाइट

काळीपिवळी, मनापासून धन्यवाद. चाचणी केली. दरवेळी पुढे-मागे थांबतात. कधी कधी चार बोटांचा फरक पडतो.

काळीपिवळी

मग क्रँक साधारण पाव फेरी चुकलाय. कारण सांगतो. क्रँक आणि दांडी एका रेषेत असताना मोटर दोनचार अंश पुढे घसरली तरी ब्लेड जवळपास हलत नाही, ते फेरीचं टोक आहे. पण फेरीच्या मध्यावर ब्लेड सगळ्यात जोरात पळत असतो, तिथे मोटरची तेवढीच घसरण काचेवर चार बोटं दिसते. अर्धी फेरी चुकला असता तर ब्लेड रोज एकाच ठिकाणी थांबले असते, पण खाली नाही, वरच्या टोकाला.

करायचं असं. क्रँकचा नट सोडा, क्रँक शाफ्टवरून काढा. नुसती मोटर चालवा आणि वायपरच्या बटणाने बंद करा. इग्निशनच्या किल्लीने नाही, किल्लीने करंटच तुटतो आणि मोटर असेल तिथे मरते. बटणाने बंद केल्यावर ती आपल्या मुक्कामाला येऊन थांबेल. मग हाताने दांड्या ढकलून स्पिंडल खालच्या टोकाला आणा, क्रँक आणि दांडी एका रेषेत येतील असा क्रँक शाफ्टवर ठेवा, नट आवळा. दोन टोकं आहेत, एक खालचं आणि एक वरचं. खालचं कुठलं हे स्पिंडल कुठल्या बाजूला वळतोय ते बघून ठरवा.

नट_बोल्ट_ताई

काळीपिवळीशी शंभर टक्के सहमत. आमचं कोल्हापुरात उद्यमनगरला लेथचं काम आहे, जुन्या गाड्यांचे बुश (सांध्यातल्या, झिजल्यावर बदलायच्या नळ्या) सतत येतात. दोन गोष्टी जोडते.

मंद चालण्याचं कारण रंग आहे. गंमत नाही. मोटरचा अर्थ (अर्थिंग, करंट परत जायची वाट) तिच्या ब्रॅकेटमधून बॉडीला जातो. नवा रंग बोल्टच्या खाली, वायसरच्या खाली, सगळीकडे बसतो आणि अर्थ तुटतो किंवा अर्धवट राहतो. एक वायर घ्या, एक टोक मोटरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. मोटर एकदम जोर पकडून पळाली तर चोर सापडला. मीटर असेल तर मोटर चालू असताना तिचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधला व्होल्टेज बघा. जवळपास शून्य यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट दाखवला तरी अर्थ कमकुवत समजा.

अर्थ करताना बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवडा, पत्रा पांढरा दिसू दे. बोल्ट आवळून झाल्यावर कडेने ग्रीस लावा, नाहीतर पहिल्या पावसात तिथेच गंज धरेल. नव्या रंगावर कानस चालवायला जिवावर येतं, पण त्याला इलाज नाही.

हेडलाइट लावल्यावर मंदावतात यात थोडा वाटा डायनामोचाही असेल. डायनामोची गाडी आयडलवर चार्जिंग करत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. इंजिनला रेस देऊन बघा.

दुसरं, मोटर बदललीय असं तुम्ही लिहिलंय. नव्या मोटरचा क्रँक तिच्याबरोबर आलेला आहे की तुमचा जुनाच? गोणीत जुना असेल तर दोन्ही शेजारी ठेवून मधलं अंतर मोजा. शाफ्टच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. क्रँक लांब असेल तर फेरी मोठी होते. ब्लेड बीडिंगवर आपटतोय, त्याचं मूळ तिथे असू शकतं.

सातारी_जीप

फियाटवाल्यांचं नशीब, निदान वीज तरी आहे. आमच्या जुन्या विलीज जीपला व्हॅक्यूमचा वायपर. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळीतून, ओढ घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर जागीच थांबतो. म्हणजे भर पावसात घाट चढताना, जेव्हा समोरचं दिसायला हवं, नेमका तेव्हा. क्षणभर पाय उचलायचा, वायपर एक हात मारतो, की परत पाय दाबायचा. पसरणीचा घाट आम्ही असा चढलोय.

शंकासूर

तंबाखू चोळा की मग काचेवर. ट्रकवाले चोळतात.

सातारी_जीप

चोळलीय. बिडीतली तंबाखू ओल्या काचेवर घासली की पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा होतो आणि थोडा वेळ बरं दिसतं. कापलेल्या बटाट्यानेही तसंच होतं. पण रात्री समोरून दिवे आले की काही दिसत नाही. नाइलाजाचा उपाय आहे तो.

अँबीवाला

विषय फियाटचा आहे, पण कुणी अँबेसेडर किंवा मॉरिसवाला हा धागा वाचून क्रँक शोधत बसेल, म्हणून लिहितो. इंग्रजी वळणाच्या गाड्यांत ल्युकस (तिकडची सुट्या भागांची कंपनी) पद्धतीची मोटर असते. तिथे दांड्या नाहीत. मोटर बॉनेटखाली एका बाजूला आणि तिथून नळीतून जाणारी, अंगावर आटे असलेली लवचिक केबल. ती मागेपुढे सरकते आणि प्रत्येक स्पिंडलखालच्या व्हील बॉक्समधलं छोटं दातेरी चाक फिरवते.

या पद्धतीत थांबण्याची जागा जुळवायला काही उघडावं लागत नाही. जुन्या मोटरच्या गिअरबॉक्सवर एक घुमटासारखं गोल झाकण असतं, थांबवणारा स्विच त्याच्यातच आहे. झाकणाचे स्क्रू किंचित ढिले करा, झाकण थोडं फिरवा, चालू-बंद करून बघा, परत फिरवा. ब्लेड बरोबर खाली थांबला की स्क्रू आवळा.

आणि एक खास गोष्ट, जी बरेच मिस्त्री सांगत नाहीत कारण त्यांना नवा व्हील बॉक्स विकायचा असतो. त्यातलं चाक पूर्ण गोल कधीच फिरत नाही, सव्वाशे अंशांच्या आतबाहेर फिरतं. म्हणजे झिजतात ते एकाच बाजूचे दाते, समोरच्या बाजूचे कोरे करकरीत असतात. ब्लेड हाताने हलवल्यावर बराच सैल लागत असेल तर केबल ओढून काढा, स्पिंडल अर्धा फेरा फिरवा, केबल परत सारा. न वापरलेले दाते कामाला लागतात आणि ढिलाई जाते. केबल काढलीच आहे तर ती रॉकेलने धुवा आणि नवं ग्रीस लावून आत सोडा.

डोंबिवलीची_डिलाइट

ताजी खबर. क्रँक काढला, मोटर मुक्कामावर आणली, क्रँक आणि दांडी रेषेत घेऊन बसवला. आता बटण बंद केलं की स्पिंडल दरवेळी त्याच जागी थांबतात. काळीपिवळी, तुम्हाला दंडवत.

अर्थची वायर लावली आणि मोटर जी काय पळाली! ब्रॅकेटच्या तिन्ही बोल्टखाली रंगाचा जाड थर होता. खरवडला.

पण ताईंचा संशय खरा निघाला. गोणीच्या तळाशी जुना क्रँक सापडला. नवा क्रँक जुन्यापेक्षा ५-६ मिमी लांब आहे. जुना नव्या मोटरच्या शाफ्टवर बसत नाही, भोकच वेगळं. आता क्रँक बनवून घेऊ की मोटर बदलू?

नट_बोल्ट_ताई

बनवून मिळेल, पण त्याआधी जुनी मोटर उघडा. "मोटर गेली" म्हणजे दहातल्या आठ वेळा ब्रश (मोटरला करंट देणारे कार्बनचे तुकडे) अडकलेले असतात किंवा ग्रीस सुकलेलं असतं. वाइंडिंग जळलं असेल तर वासावरून कळतं, कुजकट जळका वास जात नाही कितीही वर्षांनी.

उघडताना गिअरबॉक्सच्या झाकणावर आणि अंगावर डिसमिसने एक रेघ मारून ठेवा, परत त्याच कोनात बसायला हवं. गिअरवर एकादोन पातळ वायसर असतात, ते ग्रीसला चिकटून झाकणाबरोबर निघून येतात आणि हरवतात. खाली पांढरं कापड अंथरा. सुकलेलं ग्रीस लाकडी काडीने खरवडा, गिअर फायबरचा असेल तर त्याला लोखंड लावू नका. ब्रश त्यांच्या घरात सहज सरकले पाहिजेत. कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा खाचांचा गोल) काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, एमरी नको, तिची पूड खाचांत बसते आणि ती करंट वाहते. खाचा सुईने साफ करा.

दांड्यांच्या टोकांचे बुशही बघा. हाताने हलवून खडखड वाजत असतील तर ते आधी बदला. झिजलेल्या बुशमुळे फेरी वाढते, कोरड्या काचेवर नाही पण ओल्या काचेवर, जोरात चालताना. काल जुळवलेलं आज पावसात आपटायला लागलं म्हणून लोक परत येतात, ते याच कारणाने.

काळीपिवळी

+१. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्यांना २० वर्षांची मर्यादा होती, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. तोवर फियाटचा कुठलाही भाग कुर्ल्याला किंवा ऑपेरा हाउसला हातोहात मिळायचा, कारण गिऱ्हाईक रोजचं होतं. आता दुकानदारालाही माल भरून ठेवणं परवडत नाही. म्हणून जुनी मोटर टाकू नका. निदान तिचे आतले भाग तरी ठेवा.

डोंबिवलीची_डिलाइट

ताई, जुनी मोटर उघडली. एक ब्रश घरात गच्च बसला होता, ग्रीसचं पिवळं मेण झालं होतं. बाकी काही झालेलं नाही. साफ करून, नवे ब्रश टाकून जोडली, जुना क्रँक लावला, अर्थ पक्का केला. एकदम सुतासारखी चालते. दांड्यांचे दोन बुश ढिले आहेत, ते बदलतोय.

आता खरोखर आर्म बसवायची वेळ आली. कुठे झोपवायचे, किती अंतर सोडायचं, कशावरून ठरवू? जुना फोटो आहे, पण लग्नातला. बॉनेटभर फुलं आहेत.

लेस्टरकर

काच जुनीच आहे का? मग फोटो कशाला हवा, काचेवरच लिहिलेलं आहे. संध्याकाळी ऊन तिरपं आलं की गाडी सूर्याकडे तोंड करून लावा, आत बसा आणि काचेकडे आडव्या नजरेने बघा. इतक्या वर्षांत धुळीसकट फिरलेल्या ब्लेडने काचेवर केसाएवढे ओरखडे काढलेले असतात, कमानीसारखे, एकात एक. सगळ्यात बाहेरची कमान जिथे सुरू होते ती वायपर थांबण्याची जागा आणि जिथे संपते ती फेरीची हद्द. काचेच्या बाहेरून त्या दोन्ही जागी मास्किंग टेपचे तुकडे लावा. इथे इंग्लंडात माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, रंगवल्यानंतर मी तिचे वायपर याच पद्धतीने जुळवले.

ब्लेडचं माप पण तिथेच मिळतं. बाहेरच्या आणि आतल्या कमानीतलं अंतर मोजा.

काळीपिवळी

लेस्टरकर, वा. हे मलाही नवीन.

आर्म बसवताना: आधी दोन्ही आर्म शेजारी ठेवून बघा, डावा-उजवा सारखे नसतात, वाक वेगळा असतो. अदलाबदल झाली की एक ब्लेड काचेच्या वर चढतो आणि दुसरा खाली पत्र्याला घासतो. तुमच्या टोकं घासण्यामागे हेही असू शकेल. थांबल्यावर कुठला ब्लेड खाली आणि कुठला वर, ते टेपवरून ठरवा. खालचा आधी बसवा.

मोटर मुक्कामावर असतानाच आर्म स्पिंडलवर हलकेच टेकवा, पूर्ण दाबू नका. टेपवर आला का बघा. नसेल तर उचलून एक दाता सरकवा. पहिली फेरी ब्लेडशिवाय नको, नुसता लोखंडी आर्म सुटून काचेवर पडला की काच गेली. ब्लेड लावलेले नसतील तर टोकाला कापड गुंडाळून रबरबँड लावा. आणि काच ओली करा. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नये.

बीडिंगपासून दोन बोटं जागा सोडा. ओल्या काचेवर, पूर्ण जोरात चालवून बघितल्याशिवाय नट शेवटचा आवळू नका.

शंकासूर

एक दाता म्हणजे असा किती फरक पडणार?

नट_बोल्ट_ताई

मोजू की. स्पिंडलवर ६० दाते धरले तर एक दाता म्हणजे ६ अंश. आर्म आणि ब्लेड मिळून टोकापर्यंत ४० सेंमी धरलं तर टोक सव्वाचार सेंमीच्या आसपास सरकतं. म्हणजे दोन बोटं जागा सोडायला सांगितली तिथे एक दाता चुकला की सरळ बीडिंगवर. बरोबर जागा दोन दात्यांच्या मधे येत असेल तर बीडिंगपासून लांबच्या दात्यावर थांबा, जवळच्या नाही.

आर्मची बुडखी ओतीव मिश्रधातूची असते, मऊ. स्पिंडल पोलादाचा. नट ताकद लावून आवळलात की आर्मचेच दाते जातात. नटवाला आर्म असेल तर बेताने आवळा, चार फेऱ्या मारा, परत एकदा बघा. क्लिपवाला असेल तर नट नसतोच. बुडखीच्या बाजूला पातळ पत्र्याची जीभ असते, ती डिसमिसने उचलून धरायची, मग आर्म सरळ वर निघतो. बाजारात दोन्ही प्रकार "फियाटचे" म्हणून मिळतात, घेताना बघा.

डोंबिवलीची_डिलाइट

ओरखडे सापडले!! लेस्टरकर, इतकी वर्षं त्या काचेतून बघतोय, कधी दिसले नव्हते. कमानी स्वच्छ दिसतात. आणि हो, आर्म डावे-उजवे उलटे लावलेले होते.

टेप लावून बसवले. खाली नीट झोपतात, बीडिंगला लागत नाहीत, एकमेकांना लागत नाहीत. पाइपने पाणी मारून बघितलं, तरी ठीक.

राहिलं एक दुखणं: खाली येताना थरथर. वर जाताना काही नाही.

अँबीवाला

एकाच दिशेला थरथर म्हणजे आर्म पिळला गेलाय. रबराची धार काचेला काटकोनात हवी. तशी असली की फेरी उलटताना रबर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सहज कलंडतं आणि ब्लेडच्या मागे ओढलं जातं. आर्म एका बाजूला कललेला असेल तर रबर एका दिशेला ओढलं जातं आणि दुसऱ्या दिशेला ढकललं जातं. ढकललं गेलं की थरथरतं.

ब्लेड काढा, आर्म काचेवर टेकू द्या आणि टोकाची चपटी पट्टी काचेला समांतर आहे का ते बघा. नसेल तर दोन पकडी घ्या, जबड्यांना कापड. एकीने आर्म बुडाजवळ धरून ठेवा, दुसरीने टोक किंचित पिळा. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकं. आर्म गाडीवर असताना पिळू नका, सगळा जोर स्पिंडलच्या बुशवर जातो. त्याआधी काच मात्र साबणाने धुवून घ्या, रंगकामाच्या पॉलिशचं मेण काचेवर असलं तरी थरथर होते.

गृहिणी_गाडीवाली

वाखू (वाचनखूण) साठवली. एक विचारू का? आमच्या पद्मिनीत पावसात ड्रायव्हरच्या पायावर पाणी ठिबकतं. मिस्त्रीने काचेचं बीडिंग दोनदा बदललं, तरी तेच.

काळीपिवळी

ताई, बीडिंग नसेल, स्पिंडलचं भोक असेल. स्पिंडल पत्र्यातून बाहेर येतो तिथे बाहेरून एक रबरी वायसर असतो. तो उन्हाने कडक होऊन भेगाळतो. पाणी स्पिंडलच्या कडेने आत शिरतं आणि दांडीवरून ओघळत वाटेल तिथे पडतं. तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा आणि दुसऱ्या कुणीतरी बाहेरून फक्त स्पिंडलवर तांब्याने पाणी ओतू दे. लगेच कळेल. रबर बदला, सिलिकॉन थापू नका, पुढच्या वेळी स्पिंडल काढताना रंगासकट निघतं.

डोंबिवलीकर, तुमचा रंग नवा आहे, तुम्ही पण ते रबर बघून घ्या. रंगारी ते तसंच ठेवून वरून फवारा मारतात.

डोंबिवलीची_डिलाइट

मारलाय! रबर गाडीच्याच रंगाचं झालंय. बदलतो. थरथर गेली, डावा आर्म पिळलेला होता. तो सरळ करताना बुडखीचे दाते बघितले, बरेच झिजलेत, म्हणून जोडीने दुसरे आर्म घेऊन ठेवावेत म्हणतो. पुढच्या आठवड्यात पुण्याला आहे. नाना पेठेत मिळतील का?

नट_बोल्ट_ताई

नाना पेठेत नवे मिळाले तर मिळतील, पण नव्यांचा पत्रा पातळ आणि स्प्रिंग कधी फार कडक, कधी अगदीच मवाळ. त्यापेक्षा जुना बाजार बघा, रविवारी आणि बुधवारी भरतो. ढिगात हात घालण्याआधी तुमचा जुना आर्म खिशातून नेलेला असू द्या. बुडखीच्या भोकात नख फिरवा. दाते नखाला टोचले पाहिजेत, नुसते डोळ्याला दिसून उपयोग नाही. स्प्रिंगचा सांधा उघडून सोडा, पटकन मिटायला हवा. आणि डावा-उजवा दोन्ही घ्या, एकच मिळत असेल तर तोही घ्या.